पाठमोरी ग्रामसभा

होळी झाली की माझं नाक बिघडतं. आमचं गाव फैजपूरच्या अलीकडे, चहूबाजूंनी केळीच्या बागा. इथे वास यायचा तो कापलेल्या घडांच्या चिकाचा, पाटाच्या ओल्या मातीचा, फार तर माल भरायला आलेल्या ट्रकच्या डिझेलचा. मोहाचं झाड बघायचं तर सातपुड्याच्या पायथ्याशी जावं लागेल. तरी एखाद्या सकाळी दूध तापवता तापवता मोहाच्या फुलांचा तो गोडसर, जरा आंबूस, डोक्यात चढणारा वास येतो आणि मी शेगडीपाशी उभी असूनही दूध उतू जातं. माझा थोरला भाऊ म्हणतो, "तुले भास होतो व. तिकडे नोकरी केली अन् नाक तिकडेच ठेवून आली." खोटं नाही त्याचं. पेन्शनचे कागद सगळे घेऊन आले, नाक तेवढं राहिलं.

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात तिथल्या एका पाड्यावर मी शाळा चालवली. एकच खोली, एकच बाई. पाड्याचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण सरकारी नकाशावर तो खालच्या गावाच्या नावात विरघळून गेलेला आहे. ग्रामपंचायत खालच्या गावात, दवाखाना त्याहून खाली, आणि जे काही वर होतं ते म्हणजे हा पाडा, पाड्यामागचा माळ आणि माळावरची मोहाची जुनी झाडं. माळ कागदावर गायरान, म्हणजे सरकारचा. पाड्याला हे ठाऊक होतं, पण आभाळ कुणाचं हे जितपत ठाऊक असतं तितपतच.

फाल्गुन लागला की माझी शाळा ओस पडायची. वरून वेळापत्रक यायचं आणि झाडावरून मोह पडायचा; दोघांचं जमायचं नाही. पहिल्या वर्षी मी नवी होते, रागावून माळावर गेले पोरांना हाकलून आणायला. उजाडत होतं. झाडांवर पान नव्हतं आणि खालची जमीन पिवळसर पांढरी झाली होती. फूल पडतं ते टप्पकन, भरलेलं, अंगावर पडलं तर थेंब पडल्यासारखं गार लागतं. अख्खा पाडा वाकलेला, कुणी बोलत नव्हतं, नुसतं टप टप ऐकू येत होतं. मी कुणाला हाकललं नाही. उलट ओचा खोचून वेचायला बसले. दुसऱ्या दिवसापासून शाळा उशिरा भरवायची असं मी माझ्या अधिकारात ठरवलं. तो अधिकार मला कुणी दिला नव्हता. पण अधिकार गावापर्यंत खाली पोचला पाहिजेत असं आमच्या पुस्तकातच लिहिलेलं होतं, म्हणून मी म्हटलं, चला, आपल्यापासून सुरुवात.

ज्या झाडाखाली मी बसले ते जमनाबाईचं निघालं. जमनाबाई माझ्या शाळेत खिचडी शिजवायची. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा दिलीप, तो माझ्याकडे चौथीत. शेतात पिकायची ती नागली, म्हणजे नाचणी, पावसाच्या मर्जीवर. भरवशाचा होता तो मोह. फुलं अंगणात वाळत पडायची, तीन-चार उन्हांत तपकिरी होऊन मनुकांसारखी आकसायची. मग आषाढात कणगी तळाला लागली की भाजून भाकरीबरोबर, उकडून, कुटून. उरलेली साक्रीच्या बाजारात देऊन मीठ-मिरची. बियांचं तेल डोक्याला आणि दिव्यालाही. "मोह पडना की साल निघी जास," असं ती म्हणायची. मोह पडला की वर्ष निघून जातं. तिच्या वर्षाचा दुसरा कोणताही विमा नव्हता.

आता पाड्याच्या बैठकीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पाड्यावर काही ठरवायचं असलं की जालम आबा सगळ्यांना माळावर बोलवायचे. आबा म्हणजे पाड्याचे वडीलधारे, निवडून बिवडून कुणी दिलेले नाहीत. बायका, बापे, सगळे गोल बसायचे. पहिल्यांदा मी ती बैठक पाहिली तेव्हा विषय मोहाचाच होता. सगळ्या पाड्याची फुलं एकदम एकाच व्यापाऱ्याला द्यावीत असं आबांनी स्वतःच मांडलं. कुणी हो म्हटलं, कुणी हूं. जमनाबाई उठली, अंगाभोवती पदर घेतला आणि बैठकीकडे पाठ करून तिथेच बसली.

मला वाटलं, झालं, रुसली. आता आबा चार शब्द सुनावतील. पण बैठकच थबकली. माणसं तंबाखू मळत बसली, बायका पोरांच्या डोक्यात बघत बसल्या, ऊन कलायला लागलं, पण कुणी उठेना. बऱ्याच वेळाने आबा गुडघ्यावर हात टेकत उठले, तांब्यात पाणी घेतलं आणि स्वतः जाऊन जमनाबाईपुढे धरलं. ती पाणी प्यायली आणि तोंड फिरवून परत गोलात बसली. लगेच दुसरा विषय सुरू झाला.

परत येताना मी तिला विचारलं, "ठरलं काय पण?"

"आबानी पानी दिधं ना बाई," ती म्हणाली. "पानी दिधं म्हंजे त्यानी ती गोष्ट सोडी दिधी."

"आणि नसतं दिलं तर?"

"मंग बाजूले येईसन बसता, बोलता. माले पटतं ते मी फिरती, नही ते नही. पन पाठ करेल मानूसले तसाच सोडीसन कोनी घर जास नही."

नागरिकशास्त्राचा पाठ मी त्याच आठवड्यात घेतला होता. गावाचा कारभार गावाने करावा, ग्रामसभेत प्रत्येकाने आपलं मत मांडावं, बहुमताने निर्णय घ्यावा. एखादी गोष्ट पटली नाही तर काय कराल, या प्रश्नाला पुस्तकातलं उत्तर होतं, हात वर करून विरोध नोंदवू. वर्ग एका सुरात म्हणाला, "पाठ करसूत." मी फळ्यावर पुस्तकातलं उत्तर लिहून दिलं, कारण परीक्षा पुस्तकाची होती. पण बहुमत या शब्दापाशी मी जरा अडखळले. एकटी जमनाबाई एका बाजूला आणि अख्खा पाडा दुसऱ्या बाजूला असताना पाडा थांबला होता. हे कोणत्या इयत्तेला शिकवतात ते मला ठाऊक नव्हतं.

नंतरची बरीच वर्षं एकमेकींसारखी गेली. दिलीप बारावीपर्यंत शिकून परत आला आणि सुरतेच्या बाजूला कामाला जाऊन येऊन राहू लागला. जमनाबाईचे केस पांढरे झाले, माझेही. आणि मग ते वर्ष आलं.

माघ होता. मोह पानं टाकत होता. माळावर एक जीप आली, माणसं उतरली, त्यांनी चुन्याच्या रेषा मारल्या, लाल कापड बांधलेल्या काठ्या रोवल्या. चार दिवसांत खालच्या गावाकडून दवंडीसारखा निरोप आला की माळावर सूर्यावर चालणारा वीज प्रकल्प येणार, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा, आणि पाड्याचा विषय म्हणून सभा पाड्यावरच, शाळेच्या अंगणात घ्यायची. कायदा आमच्या बाजूचा होता, हे मला आवर्जून सांगितलं पाहिजे. डोंगराळ भागातल्या गावांना विचारल्याशिवाय त्यांच्या जमिनीला हात लावायचा नाही, असं दिल्लीहून लिहून आलेलं होतं. मी स्वतः पाड्याला ते समजावून सांगितलं. आबा ऐकून म्हणाले, "मंग बरं शे. विचारतीन ते सांगसूत."

सभेला जो अधिकारी आला तो वाईट माणूस नव्हता. त्याला खलनायक करता आलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. तरुण, घामाने चिंब, किती तरी गावांचा भार एकट्यावर, त्यात चढणीवर मोटारसायकल पंक्चर झालेली. त्याने टेबलामागे बसून ठराव वाचला. सरकारी मराठी, भरभर. त्यातले "सदर", "उक्त" आणि "प्रस्तुत" हे शब्द अंगणातल्या कोंबड्यांना जेवढे कळले तेवढेच पाड्याला कळले. पण माळ जाणार, मोह जाणार हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "कुणाचं काही म्हणणं आहे का?"

मग आबा उठले, वळले आणि टेबलाकडे पाठ करून बसले. त्यांच्या मागून जमनाबाई. मग एकेक करत सगळा पाडा. लुगड्यांची सळसळ झाली आणि अंगणभर नुसत्या पाठी दिसू लागल्या. बायकांच्या पदराखालच्या, म्हाताऱ्यांच्या उघड्या, पोरांच्या बनियनवर कुठल्याशा निवडणुकीत वाटलेलं चिन्ह अजून न पुसलेलं. मी इतकी वर्षं तिथे होते, पण अख्खा पाडा पाठमोरा मी कधी बघितला नव्हता. एक जण पाठ करतो तेव्हा सभा थांबते. इथे तर कुणी उरलंच नव्हतं. याहून मोठा नकार त्या माणसांपाशी नव्हता. त्यांनी होता नव्हता तेवढा सगळा देऊन टाकला.

अधिकाऱ्याने डोळ्यांवर हात धरून आकाशाकडे बघितलं. वळण्याआधी ऊन खरंच त्यांच्या तोंडावर येत होतं. "उन्हाकडे पाठ केली का? बरं केलं," तो म्हणाला, आणि खाली मान घालून लिहू लागला.

तेवढ्यात खालच्या गावातून चहाची किटली आली. आणणारा माणूस किटली टेकवून धापा टाकत बसला. सोबत शिपाई नव्हता. आणि हा अधिकारी, घरचं वळण चांगलं असेल त्याचं, स्वतः उठला. कागदी कप भरले आणि सगळ्यांत वयस्कर म्हणून पहिला कप आबांपुढे वाकून धरला. आबांनी मान वर करून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग कप घेतला, चहा प्यायले आणि वळून बसले.

पाठोपाठ सगळे. ज्याला कप मिळाला तो प्यायचा आणि वळायचा. तोंडं अशी उजळली होती की काय सांगू. जमनाबाईने तर चहा संपवून कप कपाळाला लावला. अधिकाऱ्यालाही बरं वाटलं असावं, तो हसला, आणि त्याने मोबाईल काढून फोटो घेतला. फोटोत सगळा पाडा समोर बघतो आहे, हातात कप, ओठांवर हसू. तो फोटो ठरावाबरोबर वर गेला.

मी टेबलापाशी गेले. म्हटलं, "साहेब, ते नाही म्हणाले."

"कोण?"

"सगळे. पाठ केली ती उन्हाकडे नाही, तुमच्या ठरावाकडे. इथे नाही असंच म्हणतात."

त्याने माझ्याकडे दमलेल्या नजरेनं बघितलं. "मॅडम, तुम्ही नागरिकशास्त्र शिकवता ना? विरोध असेल तर कुणीतरी तोंडाने म्हणायला नको का? मी पाठी कशा लिहू?"

"लिहा ना, सगळे पाठ करून बसले."

"आणि मग चहा घेऊन हसले, तेही लिहू?"

मी आबांना आणलं, जमनाबाईला आणलं. म्हटलं, तोंडाने सांगा. आबांना माझं वागणं चमत्कारिक वाटलं. ज्याने आपलं म्हणणं सोडलं त्याच्यापुढे पुन्हा तोच विषय काढणं म्हणजे त्याला अपमानित करणं. सगळं बरं झालं अशा समाधानाने ते अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, बठ्ठं बरं व्हयनं. आते जपीसन जा, उतार शे." अधिकाऱ्याने त्यांना नमस्कार केला आणि मोटारसायकल ढकलत उतारावरून निघून गेला. मी अंगणात उभी राहिले, आणि त्या दिवशी मला माझ्या माणसांचाच राग आला, इतका की जमनाबाईशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

पाड्यावर तोवर ढोल निघाला होता. जमनाबाई ताटात नागलीची भाकरी घेऊन माझ्याकडे आली. मी तिला सगळं समजावलं. ठराव झालाय, मंजूर म्हणून लिहिलंय, चहाला तिकडे काही अर्थ नसतो, चहा ते सगळ्यांनाच देतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, त्यानी स्वताना हातनी चहा दिधा. आबासमोर वाकना. एवढा मोठा मानूस शे, तो खोटा कसा पडी?"

तिचा सरकारवर विश्वास होता असं नव्हे. सरकार काय हे तिला माहीतच नव्हतं. तिचा विश्वास पाणी देणाऱ्या माणसावर होता. तो मोडायचा तर मीच मोडायला हवा होता, आणि माझ्याने तो मोडेना.

हंगाम म्हणून मला जो आठवतो तो हा. त्या फाल्गुन-चैत्रात मोह असा पडला की म्हाताऱ्यांनासुद्धा तसा पडलेला आठवत नव्हता. फांद्या झुकलेल्या, पहाटे माळावर पाय ठेवायला जागा नाही. चुन्याच्या रेषा फुलांखाली झाकून गेल्या. बायका गाणी म्हणायच्या, पोरं काठ्यांवरची लाल कापडं काढून डोक्याला बांधायची. जमनाबाईचं अंगण भरलं, छप्पर भरलं, तिने माझ्या शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा फुलं वाळत घातली. अख्ख्या पाड्यात त्या सुगीची भीती वाटत होती ती मला एकटीला. टप टप आवाजामागे मी दुसरा आवाज ऐकत असायची, इंजिनाचा. फूल हातात घेतलं की वाटायचं, हे शेवटचं. आणि शेजारी जमनाबाई पुढच्या वर्षी कोणत्या फांदीला आधार द्यायचा ते बोलत असायची.

मी गप्प बसले नव्हते. सुट्टीच्या दिवशी आबांना आणि तिला घेऊन कचेऱ्या फिरले. पहिल्या कचेरीत म्हणाले, आमच्या हातात काही नाही, वरून आदेश आहे. त्याहून मोठ्या कचेरीत गेलो, तर तिथले म्हणाले, आम्ही कशाला लादू, खालून ठराव आलाय, सर्वानुमते. फोटो दाखवला. आबांनी फोटोत स्वतःला पहिल्यांदाच बघितलं आणि ते खूश झाले. दिल्लीचा कायदा, मुंबईचे नियम, जिल्ह्याचा हुकूम, गावाचा ठराव. प्रत्येक पायरीवर सत्ता थोडी थोडी वाटून दिलेली, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस बोट दाखवायचा ते दुसऱ्या पायरीकडे. वरचा खाली, खालचा वर. माळ घ्यायचा हे ठरवलं कुणी, तो माणूस आम्हाला कुठल्याच खुर्चीवर सापडला नाही. एका कचेरीत बसून बसून आबा शेवटी बाकावर वळून बसले, टेबलाकडे पाठ करून. शिपाई म्हणाला, "आबा, नीट बसा, पडाल." त्यांना पाणी कुणी विचारलं नाही. आबांनी वाट बघितली. कचेरी बंद व्हायची वेळ झाल्यावर मीच त्यांना दंडाला धरून उठवलं.

वैशाखात यंत्रं आली. जमनाबाई खिचडीला फोडणी देत होती. आवाज ऐकून बाहेर आली, पिवळं धूड माळाच्या वाटेला लागलेलं बघितलं आणि मला म्हणाली, "वाट चुकनात वाटतं बाई. सांगी येस." हात पुसत ती वाट चढून गेली. मी मागोमाग धावले. चालक कुठल्या तरी दूरच्या मुलखातला, त्याला ना मराठी कळत होती ना अहिराणी. ती हाताने त्याला दाखवत होती, इथे नव्हे, तिकडे, त्या बाजूला, इथलं तर साहेबांनी सोडून दिलंय. तो हातानेच तिला बाजूला हो म्हणत होता. पहिलं झाड पडलं तेव्हाही ती माझ्याकडे बघून म्हणाली की साहेबांना कळवलं पाहिजे, ह्यांना कुणी सांगितलेलं नाही.

तिला कधी कळलं, ते मला माहीत नाही. तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढे आणखी एक बैठक झाली, माळ नव्हता म्हणून शाळेच्या अंगणात. प्रकल्पावर राखणदार हवे होते, पाड्याने माणसं सुचवावीत असं आलं होतं. मांडलं दिलीपने. तो आता सुरतेला जायला कंटाळला होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा, तो म्हणाला. मीच शिकवलेलं. हात वर झाले. आबांनी पाठ केली. दिलीपने हात मोजले, झालं म्हणाला, आणि पोरं उठून गेली. आबा तसेच बसून राहिले. पाणी द्यायचं ते मांडणाऱ्याने, माझ्या पाण्याला तिथे काही किंमत नव्हती, नाहीतर मी दिलं असतं. जमनाबाई आबांच्या शेजारी जाऊन बसली. दिवस मावळल्यावर दोघं आपापलेच उठले. त्यानंतर आबांनी बैठक बोलावली नाही, आणि दोन पावसाळ्यांत तेही गेले.

मी बरीच वर्षं स्वतःला एक समजूत घालत होते. म्हणायची, त्या लोकांना नाही म्हणता आलं नाही, एवढाच घोटाळा झाला. नीट तोंडाने, नीट भाषेत, लेखी म्हटलं असतं तर माळ वाचला असता. मग मी निवृत्त होऊन गावी आले. इथे ग्रामपंचायतीची मुदत संपलेली, निवडणूक लांबलेली, कारभार प्रशासकाच्या हाती. प्रशासक कसा दिसतो ते आमच्या गल्लीत कुणाला माहीत नाही. शाळेच्या मैदानावर गाळे काढायचं ठरलं, कुठे ठरलं देव जाणे. मी आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई. शुद्ध भाषेत, मुद्देसूद हरकत लिहिली, स्वतः नेऊन दिली, सभेत उभी राहून खणखणीत बोलले. सगळ्यांनी माझ्याकडे तोंड करून ऐकलं. हरकतीवर शिक्का मारून पोच दिली. गाळे झाले. त्यातल्याच एका गाळ्यात मी मोबाईलचं रिचार्ज करते. पोरगा ओळखीचा आहे, बसायला खुर्ची देतो.

तेव्हा मला पाड्याची माफी मागावीशी वाटली. चूक त्यांच्या नाही म्हणण्यात नव्हती. एक चूक त्यांनी केली खरी, आणि ती फक्त तीच माणसं करू शकतात: चहा देणाऱ्याने ऐकलं असं त्यांनी धरलं. मला आता कुठल्याच सभेत काही बोलावंसं वाटत नाही. ही काही शहाणपणाची गोष्ट नव्हे, हे नुसतं मन विटणं आहे. गावाने गावाचा कारभार करावा हे वाक्य मी किती वर्गांकडून पाठ करून घेतलं, आणि आज ते कुणी म्हणून दाखवलं तर मला रडू येईल अशी माझी गत आहे.

यंदाही होळीनंतर वास आला, दूध उतू गेलं, आणि मी साक्रीची गाडी धरली. "कायले जाते व तू उन्हाची?" भाऊ म्हणाला. मी पिशवी खांद्याला लावली. जमनाबाई दारातच बसली होती. तिने मला ओळखलं, मांडीवर हात थोपटून बस म्हणाली. अंगण कोरडं होतं. रात्री तिच्याकडेच राहिले. सकाळी उजाडता उजाडता ती उठली, टोपलीबिपली काही घेतली नाही, नुसतीच वाटेला लागली. मी बरोबर गेले. रोज जाते, म्हणाली.

माळावर आता काचेच्या काळ्या पाट्या, रांगेने, नजर पोचेल तिथवर, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. भोवती तारेचं कुंपण. आतल्या कोपऱ्यात दोन मोह राहिलेत, त्यांची सावली पाट्यांवर पडत नाही म्हणून वाचलेले. ते भरात होते. फुलं खाली बारीक खडीवर पडत होती. तिथे खाकी सदरा घातलेला दिलीप लांब खराट्याने ती लोटत होता. एका कडेला आधीच्या फुलांचा ढीग जळून काळा पडला होता. गुरं-वानरं येतात, म्हणून फूल दिसता कामा नये, असं त्याला सांगितलेलं. हे त्याने मला सांगितलं, आईकडे न बघता.

जमनाबाईने तारेला हात लावला तसा तो जवळ आला. "माय, मझार नको येऊ. कॅमेरा शे."

"मी कोठे येस? आठेच उभी शे."

तो परत गेला. खराटा फिरू लागला, खडीवर घासल्याचा आवाज यायला लागला. फुलं अजून टपटप पडतच होती, झाडून झालेल्या जागेवर पुन्हा. ती तारेला धरून बघत होती. मी म्हटलं, चल, जाऊ या. तिने ऐकलं नाही. मग आवाज न चढवता, लहानपणी त्याला सांगत असेल तसंच, ती म्हणाली, "हळू झाड रे. फुलं चेपाई जातस."

तो थांबला नाही. पण हळू झाडायला लागला.